किंग्जचे सूत्रधार : रॉचेस्टर ते सॅक्रामेंटो

सॅक्रामेंटो किंग्ज या अमेरिकन बास्केटबॉल संघाने एनबीएचं विजेतेपद आजवर एकदाच मिळवलं आहे, १९५१ साली. तेव्हा हा संघ सॅक्रामेंटोचा नव्हता आणि त्याचं नाव किंग्जही नव्हतं. तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा रॉयल्स होता. १९५७ मध्ये बिऱ्हाड सिनसिनाटीला हललं. १९७२ मध्ये कॅन्सस सिटी आणि ओमाहा या दोन गावांत मिळून एक संसार थाटला, तो तीन वर्षांनी एकट्या कॅन्सस सिटीत आला, आणि १९८५ पासून मुक्काम कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. २०१३ पासून या संघाची मालकी ज्यांच्या गटाकडे आहे त्यांचं नाव विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले रणदिवे. एनबीएमधल्या एखाद्या संघाचा प्रमुख मालक झालेली भारतीय वंशाची ही पहिलीच व्यक्ती. तेव्हा या संघाची कुंडली मराठीत मांडायला निमित्त आहेच.

त्याहून मोठं निमित्त दुसरं. बास्केटबॉल बघणारी चार पोरं जळगावच्या वसतिगृहात जमली किंवा धुळ्यात चहाच्या टपरीवर, तरी वाद ठरलेला असतो : मॅजिक जॉन्सन मोठा की स्टेफ करी? जुने पॉइंट गार्ड भारी की नवे? मोबाइल काढले जातात, आकडे वाचले जातात, आणि वाद होता तिथेच राहतो. वेगवेगळ्या संघांतले, वेगवेगळ्या काळांतले खेळाडू शेजारी उभे केले की असंच होणार. त्यापेक्षा एकच घर घ्यावं आणि त्या घरात पिढ्यानपिढ्या चेंडू कोणाच्या हातात होता ते पाहावं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांतल्या प्रत्येक काळाचा नमुना देणारा आणि इतके सरस पॉइंट गार्ड पाहिलेला असा दुसरा अभागी संघ सापडणं कठीण. अभागी का म्हटलं, ते पुढे येईलच.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच. पाच जणांच्या संघात पॉइंट गार्ड हा चेंडू आपल्या टोकाकडून प्रतिस्पर्ध्याच्या टोकाकडे नेतो आणि कोणती चाल करायची ते ठरवतो. भुसावळच्या रेल्वे कंट्रोलमध्ये बसलेला सेक्शन कंट्रोलर स्वतः एकही गाडी चालवत नाही, पण कोणती मालगाडी लूपला टाकायची आणि कोणती एक्स्प्रेस सोडायची हे तोच सांगतो. पॉइंट गार्ड साधारण तेच काम करतो, फक्त पळत पळत आणि अंगावर माणूस घेऊन. आपल्या शाळांमध्ये उंच पोराला बास्केटखाली उभं करतात आणि चेंडू चपळ, बुटक्या पोराकडे देतात. अमेरिकेतही बराच काळ असंच चालायचं.

रॉचेस्टरचा बॉब डेव्हिस सहा फूट एक इंचाचा. पाठीमागून चेंडू फिरवत नेण्याची करामत लोकांपुढे रुजवण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. त्या काळी असल्या गोष्टीला खेळ न म्हणता नखरे म्हणत. संघाचे मालक आणि प्रशिक्षक एकच, लेस हॅरिसन. संघातला दुसरा एक गार्ड रेड होल्झमन, जो पुढे न्यूयॉर्क निक्सचा प्रशिक्षक म्हणून दोन विजेतेपदं घेऊन गेला. थोडक्यात, या घरात डोकं चालवणाऱ्यांची वाण पहिल्यापासून नव्हती.

डेव्हिसचा काळ समजून घ्यायचा तर ६ जानेवारी १९५१ चा सामना पाहावा लागतो. इंडियानापोलिस ऑलिंपियन्स विरुद्ध रॉचेस्टर रॉयल्स. सामना बरोबरीत सुटला म्हणून जादा वेळ, मग पुन्हा जादा वेळ, असं करत सहा वेळा. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला सामना. आणि शेवटी गुणफलक काय? ७५-७३. कारण फटका किती वेळात मारायचा याचं बंधनच नव्हतं. ज्याच्या हाती चेंडू लागला तो संघ तो धरून बसे आणि अगदी शेवटच्या क्षणी एक फटका मारे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, काही उठून गेले. अशा खेळात पॉइंट गार्डचं मोठेपण चेंडू न गमावण्यात. डेव्हिस त्यात तरबेज होता. त्याच हंगामात रॉयल्सने जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सना वाटेतून दूर केलं आणि अंतिम फेरीत निक्सविरुद्ध पहिले तिन्ही सामने जिंकले. निक्सने पुढचे तिन्ही जिंकले. सातव्यात ७५-७५ अशी बरोबरी असताना डेव्हिसने दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोफत फटके) टाकले आणि सामना ७९-७५ ने रॉचेस्टरचा झाला.

तीन वर्षांनी सिराक्यूजच्या संघाचा मालक डॅनी बियासोन याने एक साधा हिशेब मांडला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फटके मारतात. भागाकार केला, उत्तर आलं २४. १९५४ पासून २४ सेकंदांत फटका मारण्याचं बंधन आलं आणि खेळाने कूस बदलली. डेव्हिस १९५५ मध्ये निवृत्त झाला. या नव्या खेळाला लागणारा माणूस तेव्हा इंडियानापोलिसच्या शाळेत होता.

ऑस्कर रॉबर्टसनची शाळा क्रिस्पस ॲटक्स. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढलेली ती शाळा त्याच्या संघाने १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षं राज्य विजेती केली. पुढे सिनसिनाटी विद्यापीठ, आणि १९६० मध्ये त्याच शहरातला रॉयल्स. उंची सहा फूट पाच इंच. एवढ्या उंचीचा माणूस तोवर बास्केटखाली दिसायचा. हा चेंडू घेऊन यायचा, अंगावरच्या छोट्या गार्डला पाठ देऊन इंच इंच मागे ढकलायचा आणि हवी तेवढी जागा मिळाली की वळून फटका मारायचा किंवा मोकळ्या झालेल्या साथीदाराला पास द्यायचा. त्यात दिखाऊपणा नव्हता. चिडका, काटेकोर, साथीदाराच्या चुकीवर डोळे वटारणारा अशीच त्याची ख्याती.

१९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (फटका हुकल्यावर पकडलेला चेंडू) आणि ११.४ असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतो असा पास). तिन्ही बाबतींत दोन आकडी सरासरी पूर्ण हंगामभर टिकवणं पुढची पंचावन्न वर्षं कोणाला जमलं नाही. गंमत म्हणजे त्या वेळी या पराक्रमाला ‘ट्रिपल-डबल’ हे नावही नव्हतं. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकने ३१.६, १०.७ आणि १०.४ अशी सरासरी काढली, तेव्हा लोकांनी ऑस्करची जुनी कागदपत्रं बाहेर काढली. आकड्यांची तुलना कुठे फसते ते इथे दिसतं. ऑस्करच्या त्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी शंभराहून जास्त फटके मारत असे. वेस्टब्रुकच्या हंगामात ८५ च्या आसपास. फटके जास्त, चुकणारे जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. ऑस्करचे रिबाउंड त्यामुळे थोडे स्वस्त धरावे लागतात. उलट बाजूने, असिस्ट देण्यात तेव्हाचे नोंदकर्ते कंजूष होते असं जुने जाणकार सांगतात, आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. वेस्टब्रुकच्या वेळी चारही साथीदार रेषेबाहेर पसरलेले असत, मधलं मैदान मोकळं. ऑस्करला सगळ्या गर्दीतून वाट काढावी लागे. दोन्ही बाजूंची वजाबाकी केली तर माझं पारडं ऑस्करकडे झुकतं. पण ते मत आहे, गणित नव्हे.

एवढा माणूस हाताशी असून रॉयल्स एकदाही अंतिम फेरीत पोचला नाही. समोर बिल रसेलचा बॉस्टन सेल्टिक्स होता हे खरं. १९६३ मध्ये त्यांना सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि हरले. पुढे मात्र घराची पडझड झाली. १९६९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला बॉब कूझी. तो स्वतः सेल्टिक्सचा दंतकथा झालेला पॉइंट गार्ड. प्रेक्षक खेचायला म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी तो सात सामने स्वतः खेळलाही. एका पिढीचा सर्वांत मोठा सूत्रधार दुसऱ्या पिढीच्या सर्वांत मोठ्या सूत्रधाराला शिकवणार म्हटल्यावर काय बहार येईल! आलं ते उलटंच. कूझीला वेगवान, तरुण संघ हवा होता, आणि ऑस्कर त्याच्या आराखड्यात बसला नाही. १९७० मध्ये त्याला मिलवॉकीला धाडलं, बदल्यात घेतले फ्लिन रॉबिन्सन आणि चार्ली पॉल्क. खान्देशातला माणूस इथे कपाळाला हात लावून म्हणेल, हाई काय शे भाऊ! पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ऑस्कर आणि ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) यांच्या मिलवॉकीने अंतिम फेरी ४-० अशी एकतर्फी जिंकली.

ऑस्करने त्याच १९७० साली, खेळाडू संघटनेचा अध्यक्ष या नात्याने, एनबीएवर खटला भरला. खेळाडू म्हणजे संघाची कायमची मालमत्ता नव्हे, करार संपला की त्याला दुसरीकडे जाता आलं पाहिजे, हा त्याचा गाभा. १९७६ मध्ये तडजोड झाली. आज एखादा खेळाडू कोट्यवधी डॉलरचा करार करून संघ बदलतो त्यामागे त्या खटल्याचा वाटा आहे. कोर्टावरचे ऑस्करचे विक्रम मोडले गेले, पण न्यायालयातलं त्याचं काम मोडण्यासारखं नाही.

(१९७० म्हटल्यावर आपल्याकडची एक नोंद. मुंबईच्या नागपाड्यातून वर आलेले, पुढे भारताचे कर्णधार झालेले गुलाम अब्बास मुन्तसिर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच वर्षी. महाराष्ट्रात बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा आणि नागपूर ही दोन नावं आधी येतात. खान्देशचा नंबर बराच खाली लागतो, हेही मान्य करून टाकू.)

कूझीचा एक निर्णय मात्र सोन्यासारखा निघाला. ऑस्करला घालवलं त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या फेरीत, एकोणिसाव्या क्रमांकावर त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला एक हडकुळा पोरगा उचलला. नेट आर्चिबाल्ड, टोपणनाव ‘टायनी’, म्हणजे इवलासा. उंची सहा फूट एक इंच. संघ कॅन्सस सिटी-ओमाहाला गेला त्या पहिल्याच हंगामात, १९७२-७३ मध्ये, टायनीने सरासरी ३४ गुण केले आणि ११.४ असिस्ट दिले. दोन्ही सरासरींत तो साऱ्या लीगमध्ये पहिला. गुण आणि असिस्ट या दोन्हींतला अधिकृत पहिला क्रमांक एकाच हंगामात मिळवलेला दुसरा खेळाडू अजून झालेला नाही. सामना ४८ मिनिटांचा, आणि हा गडी सरासरी ४६ मिनिटं मैदानात. खेळाडूंच्या विश्रांतीचं वेळापत्रक डॉक्टर आणि संगणक ठरवतात त्या आजच्या काळात हे वाचूनच घाम फुटतो.

आणि संघ? त्या हंगामात प्लेऑफमध्येही, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतही, पोचला नाही. गुणही तोच करतो, पासही तोच देतो, तेव्हा बाकीचे चार जण काय करत होते असा प्रश्न पडतो. मी टायनीचा हंगाम या घराच्या इतिहासातला सर्वांत थोर वैयक्तिक हंगाम मानतो आणि त्याच वेळी संघाच्या दृष्टीने सर्वांत वाया गेलेला. १९७६ मध्ये त्यालाही दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. पुढे टाचेवरचा स्नायुबंध, म्हणजे अकिलीस, तुटला आणि एक अख्खा हंगाम गेला. सगळ्यांनी तो संपला असं धरलं. बॉस्टनने त्याला घेतलं. तिथे त्याने गुणांची हाव सोडली, तरुण लॅरी बर्डला चेंडू पुरवला आणि १९८१ चं विजेतेपद घेतलं.

कॅन्सस सिटीची उरलेली वर्षं भराभर ओलांडू. १९७९ चा सर्वोत्तम नवोदित ठरलेला फिल फोर्ड चांगला गार्ड होता, दुखापतींनी त्याला खाल्लं. १९७९ मध्येच एनबीएत तीन गुणांची रेषा आली, पण तिची किंमत प्रशिक्षकांना कळायला पुढची पंधरा-वीस वर्षं लागली. १९८५ मध्ये सॅक्रामेंटो.

सॅक्रामेंटोची माणसं आपल्याला ओळखीची वाटतील. चारी बाजूंनी शेती, टोमॅटोचं इतकं पीक की गावाला थट्टेने सॅक्राटोमॅटो म्हणत. बदामउत्पादकांच्या मोठ्या सहकारी संस्थेचं मुख्यालय तिथेच. उन्हाळा असा की ६ सप्टेंबर २०२२ रोजी पारा ११६ फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सियसमध्ये ४७ च्या जवळ गेला. भुसावळचा मे महिना अंगावर काढलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. शेजारी सॅन फ्रान्सिस्को, खाली लॉस एंजेलिस. या दोन बड्या शहरांच्या लेखी सॅक्रामेंटो म्हणजे गावंढळ. लेकर्सचा प्रशिक्षक फिल जॅक्सन याने तर त्याला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं. सॅक्रामेंटोकरांनी काय करावं? पुढच्या सामन्यांना ते गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले आणि लेकर्सच्या कानाशी इतक्या वाजवल्या की प्रशिक्षकाला आपल्या खेळाडूंशी बोलता येईना. मुंबई-पुण्याचे टोमणे ऐकलेल्या जळगाव-धुळेकरांना हे उत्तर आवडावं.

सुरुवातीची वर्षं फारशी सुखाची नव्हती. १९९१ पासून चार वर्षं स्पड वेब इथे खेळला. उंची जेमतेम साडेपाच फूट, तरी १९८६ ची डंक स्पर्धा जिंकलेला. १९९३ मध्ये मोठ्या आशेने बॉबी हर्लीला घेतलं. त्या डिसेंबरात घरी जाताना मोटारीला भीषण अपघात झाला, जीव वाचला, पण तो पहिला वेग परत आला नाही.

मग १९९८ आलं, आणि जेसन विल्यम्स. या पोराने पॉइंट गार्डच्या कामाची सर्कस केली, चांगल्या अर्थाने. न बघता पास, दोन पायांतून पास, एकदा तर नवोदितांच्या प्रदर्शनी सामन्यात पाठीमागे नेलेला चेंडू दुसऱ्या हाताच्या कोपराने उलट दिशेला पाठवला. सोबत क्रिस वेबर, सर्बियाचे व्लादे दिवाच आणि पेजा स्टोयाकोविच. प्रशिक्षक रिक ॲडलमन, आणि त्यांच्या मदतीला पीट कॅरिल हा प्रिन्स्टन विद्यापीठातला म्हातारा गुरू, ज्याच्या पद्धतीत चेंडू सतत हिंडता राहतो. अमेरिकेतल्या एका मासिकाने या संघाला कोर्टावरचा सर्वांत बहारदार खेळ म्हणून मुखपृष्ठावर घेतलं. लहान मुलं विल्यम्सचे पास गल्लीत घोटवू लागली.

आणि २००१ मध्ये संघाने त्याला देऊन माइक बिबीला आणलं. या एका अदलाबदलीबद्दल मी व्यवस्थापनाला पूर्ण गुण देईन. विल्यम्स डोळ्यांचं पारणं फेडायचा, पण सामना चुरशीचा झाला की चेंडू हातचा जायचा. बिबीकडे चमत्कार नव्हते. चेंडू जपायचा, वेबर आणि दिवाच हे दोघे उंच खेळाडूच उत्तम पास देतात हे ओळखून स्वतः बाजूला व्हायचा, आणि शेवटच्या दोन मिनिटांत न घाबरता फटका मारायचा. सूत्रधाराने सूत्रं दुसऱ्याच्या हाती द्यायला कधी कधी जास्त अक्कल लागते. २००१-०२ मध्ये किंग्जने ८२ पैकी ६१ सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पाचव्या सामन्यात, सव्वाआठ सेकंद उरलेले असताना, बिबीने मारलेल्या फटक्यावर किंग्जने लेकर्सना ९२-९१ असं हरवलं आणि मालिकेत ३-२ अशी आघाडी घेतली. एक विजय हवा होता.

सहाव्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो बहाल झाले. या सामन्याच्या पंचगिरीवर अजून लिहिलं जातं, आणि सॅक्रामेंटोत हा विषय काढू नये. पण सातवा सामना स्वतःच्या घरी होता, घंटा वाजत होत्या, आणि त्यात किंग्जने ३० पैकी १४ फ्री थ्रो चुकवले. जादा वेळेत ११२-१०६ असे हरले. पंचांना शिव्या देणाऱ्यांनी हाही आकडा पाठ करावा.

२००६ नंतर सोळा हंगाम हा संघ प्लेऑफला पोचला नाही. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत लांब दुष्काळ. कारणं अनेक आहेत, पण आपल्या विषयापुरतं एकच पाहू. २००४ च्या सुमारास लीगने चेंडूवाल्या गार्डला हाताने अडवण्याचे नियम कडक केले. चपळ गार्डांना रान मोकळं मिळालं, आणि मग तीन गुणांच्या फटक्याचं युग आलं. पॉइंट गार्डांची इतकी सोन्याची पिढी कधी झाली नाही. या पिढीतून किंग्जने काय उचललं? २००९ मध्ये चौथ्या क्रमांकावर टायरीक एव्हान्स. सातव्या क्रमांकावर शेजारच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने घेतला स्टेफ करी. २०१२ मध्ये पाचव्या क्रमांकावर टॉमस रॉबिन्सन, सहाव्यावर पोर्टलंडने घेतला डेमियन लिलार्ड. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्व्हिन बॅगली, तिसऱ्यावर लुका डॉन्चिच. एव्हान्सच्या बाबतीत न्याय करायला हवा. पहिल्या हंगामात २० गुण, ५ रिबाउंड, ५ असिस्ट अशी सरासरी गाठणाऱ्या ऑस्कर, जॉर्डन आणि लेब्रॉनच्या पंगतीत तो जाऊन बसला. त्या वर्षी निवड बरोबरच वाटली. पण एकदा हुकलं तर दैव, दोनदा तर चूक. तिसऱ्यांदा हुकलं की घराच्या रीतीकडे बघावं लागतं.

उलट एकदा लॉटरीही लागली. २०११ मध्ये साठाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर पाच फूट नऊ इंचांचा आयझेया थॉमस मिळाला. तीन वर्षांत तो सरासरी २० गुणांवर गेला. २०१४ मध्ये संघाने त्याला जवळजवळ फुकट जाऊ दिलं. २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून त्याची सरासरी होती २८.९ गुण.

तोवर मालक बदलले होते. २०१३ च्या सुरुवातीला संघ सिॲटलला जाणार हे जवळपास ठरलं होतं. तो थांबवायला पुढे सरसावले सॅक्रामेंटोचे महापौर केविन जॉन्सन. हे मूळचे तिथलेच, आणि धंद्याने पॉइंट गार्ड, फिनिक्स सन्सचे. खेळताना जमवाजमव करायचं कसब त्यांनी राजकारणात वापरलं, खरेदीदार गोळा केले आणि लीगच्या मालकांपुढे बाजू मांडली. त्या खरेदीदारांचे म्होरके विवेक रणदिवे. खिशात जेमतेम पन्नास डॉलर घेऊन एमआयटीत शिकायला गेलेले, संगणक क्षेत्रात टिबको कंपनी उभारलेले, आधी वॉरियर्सचे सहमालक. ५३ कोटी ४० लाख डॉलर असं संघाचं मोल धरून व्यवहार झाला.

रणदिवेंची बास्केटबॉलमधली पहिली ओळख मजेदार आहे. लेकीच्या बाराएक वर्षांच्या मुलींच्या संघाला ते शिकवत. स्वतः हा खेळ कधी खेळलेले नाहीत. त्यांना प्रश्न पडला : गुण झाला की आपला संघ मागे का पळतो, समोरच्यांना चेंडू आरामात का आणू देतो? त्यांनी मुलींना सांगितलं, अख्ख्या मैदानभर अडवा, चेंडू आणूच देऊ नका. म्हणजेच समोरच्या पॉइंट गार्डचा श्वास कोंडा. या संघाच्या यशावर माल्कम ग्लॅडवेलने २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लेख लिहिला आणि रणदिवे गाजले. समोरच्या गार्डला कसं रोखावं हे ज्यांना इतकं लख्ख दिसलं, त्यांच्या कारकिर्दीत स्वतःचे गार्ड मात्र हातचे गेले. प्रशिक्षकही टिकेनात. माइक मलोनला २०१४ मध्ये काढलं. त्यानेच २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं, आणि तेही निकोला योकिच या जवळपास सात फुटी सेंटरच्या हाती सूत्रं देऊन. उंच पोराला बास्केटखाली उभं करायची रीत तिथे संपली.

तरी रणदिवेंच्या खात्यावर एक गोष्ट आपल्याकडून जमा करायलाच हवी. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. एनबीए संघांचे भारतातले ते पहिले सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षागृह शाळकरी मुलांनी भरलं होतं. पेसर्सनी दोन्ही जिंकले, पहिला जादा वेळेत १३२-१३१ असा.

त्या किंग्जचा गार्ड होता डीॲरन फॉक्स, लीगमधल्या सर्वांत वेगवान पायांपैकी एक जोडी. २०२० मध्ये त्याच्या जोडीला बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन आला. हात विचित्र वळवून फटका मारणारा, पण पास असा की वेळेच्या आधी अर्धा सेकंद निघालेला. दोघांचाही धंदा चेंडू हातात ठेवण्याचा. एकाला निवडायचं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये हॅलिबर्टनला इंडियानाला दिलं आणि डमांटास सबोनिस हा मोठा खेळाडू घेतला. पहिल्या वर्षी निर्णय शहाणपणाचा ठरला. २०२२-२३ मध्ये ४८ विजय, प्लेऑफचा दुष्काळ संपला, प्रत्येक विजयानंतर मैदानावरून आकाशात जांभळा झोत सोडला जाऊ लागला, फॉक्सला अटीतटीच्या क्षणांतला सर्वोत्तम खेळाडू हा नवा पुरस्कार मिळाला. पहिल्याच फेरीत समोर आले वॉरियर्स. सातवा सामना, ३० एप्रिल २०२३, सॅक्रामेंटो. २००९ मध्ये ज्याच्यावरून नजर फिरली होती त्या करीने ५० गुण केले आणि किंग्जना घरी बसवलं.

दोन वर्षांत फॉक्सही गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅन अँटोनियोला. आणि त्याच उन्हाळ्यात हॅलिबर्टनने इंडियानाला अंतिम फेरीत नेलं. पहिला सामना तीन दशांश सेकंद उरलेले असताना त्याच्या फटक्यावर जिंकला. सातव्या सामन्यात, २२ जून २०२५ रोजी, टायनीसारखाच त्याचा अकिलीस तुटला आणि इंडियाना हरली.

आता निवाडा. या घरातला सर्वांत मोठा पॉइंट गार्ड ऑस्कर, वाद नाही. सर्वांत थोर हंगाम टायनीचा. संघाला सर्वांत उपयोगी पडलेला बिबी, आणि तो तिघांत कमी गुणवान होता हे मुद्दाम सांगतो. जायला नको होता असा हॅलिबर्टन. डेव्हिसला आजच्या मैदानावर सोडलं तर त्याला जागा मिळणार नाही, आणि करीला १९५१ मध्ये नेलं तर पहिल्याच लांब फटक्यावर लेस हॅरिसन त्याला बाकावर बसवतील. पिढ्यांची तुलना एवढ्यापुरतीच करता येते. ऑस्कर मिलवॉकीत, टायनी बॉस्टनमध्ये, विल्यम्स २००६ मध्ये मायामीत, असे या घराचे तीन सूत्रधार दुसऱ्याच्या अंगणात विजेते झाले. गार्ड ओळखणारी नजर या संघाकडे अधूनमधून होती. त्याच्याभोवती संघ बांधून चार वर्षं थांबण्याची सवय मात्र रॉचेस्टर सोडलं तेव्हाच सुटली.

ऑस्करच्या कारकिर्दीतल्या १८१ ट्रिपल-डबलचा (एकाच सामन्यात तिन्ही आकडे दोन अंकी) विक्रम मे २०२१ मध्ये मोडला तो वेस्टब्रुकने. ऑक्टोबर २०२५ मध्ये, सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो एका वर्षाच्या करारावर किंग्जमध्ये आला. किंग्जना पाहायचंच असेल तर, सॅक्रामेंटोतले संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात-साडेआठला सुरू होतात.